पाच वर्षांनी ही गाडी घेणार कोण?

इलेक्ट्रिक गाड्यांची चर्चा निघाली की पेपरवाले आणि चॅनलवाले हमखास रेंजवर येतात. एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, वाटेत चार्जर किती, थांबावं किती लागतं. माझा अनुभव वेगळा आहे. नागपुरात आमचा जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय आहे, वडिलांनी ॲम्बॅसॅडर आणि पद्मिनीच्या काळात सुरू केलेला. आमच्याकडे येणारा माणूस रेंज विचारतो, पण नंतर. गाडीभोवती एक चक्कर मारून, दार उघडून-लावून झालं की तो पहिल्यांदा विचारतो ते हे: "भाऊ, गाडी त मले पसंत हाय, पन पाच वर्सानं हे घेईन कोन?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. आपल्याकडे नोकरदार किंवा शेतकरी घर गाडी घेतं तेव्हा सहा-सात वर्षं वापरायची, विकायची, त्यात भर घालून पुढची घ्यायची, असाच बेत असतो. शोरूममध्ये पहिला मालक सही करतो तेव्हा दुसरा मालकही तिथे हजर असतो, फक्त तो दिसत नाही. तो उद्या भाव देईल या भरवशावरच आजचा चेक फाटतो. ज्या इलेक्ट्रिक आणि हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्ही असलेल्या) गाड्या आपल्याकडे खपल्या नाहीत, त्यांतल्या बऱ्याचशा या दुसऱ्या मालकापाशी अडल्या, असं माझं ठाम मत आहे. इंजिनिअरिंग वाईट होतं म्हणून अडलेल्या त्यामानाने थोड्या.

२००८ ची गोष्ट घ्या. होंडाने सिव्हिक हायब्रिड भारतात आणली. पूर्ण तयार होऊन परदेशातून यायची, त्यामुळे आयात शुल्कासकट किंमत गेली साडेएकवीस लाखांवर. शेजारीच साधी पेट्रोल सिव्हिक कितीतरी स्वस्तात उभी होती. फरक सात-आठ लाखांचा धरा आणि गणित करा. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर फिरणारा माणूस, पेट्रोल गाडी लिटरला ११ देते, हायब्रिड १७ देते, पेट्रोल तेव्हा पन्नास-बावन्न रुपये. वर्षाला वाचले पंचवीस हजार. सात-आठ लाख भरून निघायला तीस वर्षं लागली असती. लोकांनी हे गणित तोंडी केलं आणि गाड्या पडून राहिल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने किंमत जवळपास आठ लाखांनी उतरवली आणि उरलेल्या गाड्या बघता बघता गेल्या. गाडी तीच, बॅटरी तीच. म्हणजे लोकांना हायब्रिड नको होती असं म्हणायला जागा नाही.

पुढे काही वर्षांनी एक आयात केलेली हायब्रिड आमच्याकडे विक्रीला आली. कोणती ते लिहीत नाही. गाडी उत्तम ठेवलेली होती, सर्व्हिस बुकात एक पान कोरं नव्हतं. आमच्या मिस्त्रींनी मागचं सीट काढलं, आत नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या, आणि त्यांनी हात मागे घेतला. नारिंगी केबल म्हणजे हाय व्होल्टेज, आणि त्याचं शिक्षण त्यांना कोणी दिलेलं नव्हतं. वीस-पंचवीस वर्षं इंजिनं उतरवणारा माणूस जेव्हा म्हणतो की "मी याला हात लावणार नाही", तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या मनात व्यवहार तिथेच संपलेला असतो. ती गाडी शेवटी त्याच वर्षाच्या साध्या पेट्रोल मॉडेलपेक्षा कमी भावात गेली. घेणाऱ्याचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. बॅटरी बसली तर किती खर्च, कुठे करायचा आणि किती दिवस गाडी उभी राहील, या तिन्हीची उत्तरं मी देऊ शकत नव्हतो.

वीजगाडीची गोष्ट तर त्याहून जुनी. बेंगळुरूच्या चेतन मैनी यांची रेवा २००१ मध्ये बाजारात आली. दोन दारं, लेड-ॲसिड बॅटऱ्या, मागच्या सीटवर लहान मुलंच बसू शकतील एवढी जागा. आपल्याकडे ती फार थोड्यांनी घेतली. तीच गाडी जी-विझ नावाने लंडनच्या रस्त्यांवर मात्र चांगली दिसू लागली. कारण सोपं होतं. फेब्रुवारी २००३ पासून लंडनच्या मध्यभागात गाडी नेली की दिवसाला पाच पौंड भरावे लागत आणि वीजगाडीला ते माफ होते. तिथल्या माणसाचे पैसे रोज सकाळी वसूल होत होते, त्याला पाच वर्षांनंतरचा मालक शोधायची गरजच नव्हती. आपल्या माणसाला रोजची अशी काही वसुली नव्हती, आणि पुढचा मालकही दिसत नव्हता.

महिंद्राने २०१० मध्ये रेवा ताब्यात घेतली आणि मार्च २०१३ मध्ये ई-टू-ओ काढली. लिथियम बॅटरी, शंभरेक किलोमीटरची रेंज, दिल्लीत सहा लाखांच्या आसपास. पण दारं पुन्हा दोनच. सहा लाखांत तेव्हा पाच दारांची, पाच माणसांची स्विफ्ट येत होती. आई-वडिलांना मागे बसवताना पुढचं सीट वाकवावं लागणारी गाडी आपल्या घरात चालत नाही, हे सांगायला कुठल्याही सर्वेक्षणाची गरज नव्हती. चार दारांची ई-टू-ओ प्लस यायला २०१६ चा ऑक्टोबर उजाडला. नंतर ती गाडीही बंद झाली. बंद झालेल्या मॉडेलचं आमच्या धंद्यात काय होतं हे वेगळं सांगायला नको. पेट्रोल गाडी बंद झाली तरी भंगार बाजारात तिचे सुटे भाग वर्षानुवर्षं मिळतात. बंद झालेल्या वीजगाडीचा कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज सोडणारा भाग, कुठे शोधायचा?

आता नागपूरचं सांगतो, कारण हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

मे २०१७ मध्ये देशातला इलेक्ट्रिक टॅक्सींचा पहिला मोठा प्रयोग आमच्या शहरात सुरू झाला. नितीन गडकरी आणि देवेंद्र फडणवीस दोघे उद्घाटनाला होते. ओलाच्या ताफ्यात दोनशे वाहनं, त्यांत शंभर ई-टू-ओ प्लस. शहराला अभिमान वाटला, मलाही वाटला. पण टॅक्सीचा धंदा आणि त्या गाडीची ताकद यांचा मेळच बसत नव्हता. कंपनीचा रेंजचा दावा ११० ते १४० किलोमीटरचा. नागपूरचा मे महिना, बाहेर पंचेचाळीस, आत प्रवासी बसल्या क्षणापासून एसी फुल. टॅक्सीवाल्याला पोट भरायला दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर मारावेच लागतात, म्हणजे भर धंद्याच्या वेळेत चार्जिंग आलंच. चार्जर मोजके, गाड्या जास्त, आणि एक गाडी भरायला तासांचा हिशेब. दुपारच्या उन्हात चार्जिंग केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागायच्या, चालक झाडाखाली बसून नंबर येण्याची वाट बघायचे. वर्ष व्हायच्या आत बऱ्याच चालकांना परत डिझेलकडे जायचं होतं, आणि तशा बातम्या देशभर छापून आल्या.

त्या प्रयोगाचा हेतू चांगला होता आणि त्यातून पुढे शिकणाऱ्यांनी शिकलंही असेल. पण एक नुकसान झालं, त्याची कोणी नोंद केली नाही. नागपूरकराने वीजगाडी पहिल्यांदा जवळून पाहिली ती रांगेत उभी असलेली. टॅक्सीवाला हा आपल्याकडे गाडीचा सगळ्यात विश्वासू परीक्षक असतो. इनोव्हा, डिझायर, त्याआधी इंडिका, या गाड्यांची भलामण शोरूमने कमी केली, टॅक्सीवाल्यांनी जास्त. "दोन लाख चालली, इंजिन खोललं नाही," असं एक वाक्य स्टेशनच्या रस्त्यावर कोणी बोललं की आमच्याकडे त्या गाडीचा भाव टिकतो. इथे उलट वाक्य शहरभर फिरलं. पुढे कितीतरी चांगल्या वीजगाड्या आल्या, तरी "ते ओलावाल्यांचं काय झालं, पाह्यलं ना?" हे मी २०२० नंतरही ऐकत होतो.

जुनी गाडी तपासतात कशी, हे ज्यांना माहीत नाही त्यांना दुसऱ्या मालकाची भीती कळणार नाही. पेट्रोल-डिझेल गाडी आली की आम्ही ती थंड इंजिनावर सुरू करतो. ऑइलचं झाकण उघडून बघतो, आतून धूर किंवा ऑइलचे शिंतोडे येतात का. सायलेन्सरच्या धुराचा रंग बघतो, निळा असेल तर ऑइल जळतंय. क्लच कुठे उचलतो, गिअर बदलताना आवाज येतो का, चढावर ओढते का. दाराच्या बिजागरीतले बोल्ट बघतो, रंग खरवडलेला असेल तर दार उतरवलेलं आहे. मीटर मागे फिरवलं असेल तर स्टिअरिंगचं चामडं आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर खरं बोलतं. हे ज्ञान माझ्याकडे आहे, माझ्या मिस्त्रीकडे आहे, आणि गिऱ्हाईक सोबत ज्या ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन येतं त्याच्याकडेही आहे. तीन माणसं तीन बाजूंनी बघतात आणि भाव ठरतो.

वीजगाडीचं बोनेट उघडलं की यातलं काहीच कामाला येत नाही. आवाज नाही, धूर नाही. गाडीच्या किमतीचा सर्वांत मोठा हिस्सा फरशीखाली सीलबंद पेटीत आहे आणि त्या पेटीची आजची तब्येत बाहेरून समजत नाही. स्कॅनर लावून बॅटरीची हेल्थ टक्क्यांत वाचता येते, पण प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर वेगळं, आणि बाहेरच्या गॅरेजला सगळं वाचू देतातच असं नाही. डॅशबोर्डवरचा आकडा शंभर टक्के दाखवतो तो फक्त आज किती भरली आहे ते सांगतो. मुळात किती मावते, ते सांगत नाही.

म्हणून आम्ही आमच्यापुरता एक उपाय बसवला. काटोलचे एक संत्रा बागायतदार टाटांची जुनी नेक्सॉन ईव्ही ही वीजगाडी बघायला आले होते. मुलगा नागपुरात प्राध्यापक, आठवड्यातून दोन-तीनदा काटोल-नागपूर ये-जा. गाडी पसंत होती आणि प्रश्न तोच, बॅटरी. मी म्हटलं, काका, आपण मोजून बघू. या गाडीची बॅटरी नवीन असताना ३०.२ युनिटची होती. एकदा ती पूर्ण भरून घेतली, कारण या प्रकारच्या लिथियम बॅटरीत पूर्ण भरल्याशिवाय टक्क्यांचा काटा कधी कधी चुकीचा बोलतो. मग गाडी फिरवून दहा टक्क्यांवर आणली. संध्याकाळी चार्जरच्या आधी सब-मीटर, म्हणजे फक्त त्या चार्जरची वीज मोजणारा वेगळा मीटर, जोडला. काकांनी मोबाइलमध्ये मीटरच्या आकड्याचा फोटो काढला आणि ते मुक्कामाला मुलाकडे गेले. सकाळी परत आले, गाडी शंभर टक्के, आणि मीटरवर सत्तावीस युनिट खर्ची पडलेले. त्यातले बारा टक्के चार्जरमध्ये आणि उष्णतेत वाया गेले असं धरलं तर बॅटरीत गेले पावणेचोवीस. हे नव्वद टक्के भरण्याचे, म्हणजे पूर्ण बॅटरी साधारण २६.४ युनिटची. मूळच्या ३०.२ च्या तुलनेत सत्त्याऐंशी टक्के.

हा आकडा लॅबसारखा अचूक नाही, दोन-चार टक्के इकडे-तिकडे होतील. पण काकांनी तो आपल्या वहीत लिहिला, काटोल-नागपूर अंतराशी ताडून बघितला, आणि त्यानंतर त्यांनी बॅटरीबद्दल एक शब्द काढला नाही. सगळी घासाघीस टायरवर झाली. मला त्या दिवशी फार समाधान वाटलं. भीती घालवायला मोजमाप पुरतं, कोणाची जाहिरात लागत नाही.

अर्थात, सगळ्यांना एवढा वेळ नसतो, आणि बॅटरी ठणठणीत असली तरी भावाचं दुसरं दुखणं उरतंच. ते म्हणजे नव्या गाड्यांच्या उतरत्या किमती. लिथियम बॅटरीचा जागतिक भाव २०१० मध्ये किलोवॉट-अवरला, म्हणजे एका युनिटला, हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये तो ११५ डॉलरवर आला. जगासाठी ही आनंदाची बातमी आहे. ज्याने आधी गाडी घेतली त्याच्यासाठी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटांनी नेक्सॉन ईव्ही एक लाख वीस हजारांपर्यंत स्वस्त केली, त्याच वर्षी सणासुदीला तीन लाखांपर्यंतची कपात जाहीर झाली. नवी गाडी तीन लाखांनी उतरली की माझ्याकडे उभी असलेली दोन वर्षांची गाडी त्याच दिवशी तेवढ्याने खाली येते, चाक न फिरता. त्या वर्षी भंडाऱ्याचे एक शिक्षक गाडी विकायला आले होते. त्यांना भाव सांगताना मला जड गेलं. त्यांनी गाडीला काही कमी केलं नव्हतं, गाडीतही काही बिघाड नव्हता. त्यांच्या गावात पुढची पाच-सात वर्षं वीजगाडीबद्दल काय बोललं जाणार हे मात्र त्यांच्या त्या व्यवहाराने ठरवून टाकलं असणार.

हे फक्त आपल्याकडेच घडतंय असंही नाही. टेस्लाने २०२३ मध्ये किमती उतरवल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या हर्ट्झ या गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीने वीस हजार वीजगाड्या विकायला काढल्या. घसरलेली किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, ही त्यांनी दिलेली कारणं. एवढी मोठी कंपनी जिथे टिकली नाही तिथे भंडाऱ्याच्या सरांनी काय करायचं?

त्यात कराची रचनाही दुसऱ्या मालकाच्या बाजूने नाही. नव्या वीजगाडीला जीएसटी पाच टक्के. आमच्यासारख्याने जुनी वीजगाडी विकली की नफ्याच्या रकमेवर आधी बारा टक्के लागायचा, डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेने तो अठरा केला. सगळ्या जुन्या गाड्यांना एकच दर, हे त्यामागचं म्हणणं, आणि रक्कम नफ्यावरच लागते हेही खरं. पण नव्याला सवलत आणि जुन्याला नाही, यातून काय संदेश जातो? महाराष्ट्राने नव्या वीजगाडीला वाहनकर माफ केला, समृद्धी, द्रुतगती महामार्ग आणि अटल सेतूवर टोलही माफ केला. टोलमाफीचं मी मनापासून स्वागत करतो, कारण ती गाडीसोबत राहते. दुसऱ्या, तिसऱ्या मालकालाही मिळते. खरेदीच्या वेळची सवलत पहिल्याच माणसाच्या खिशात जाते आणि जुन्या गाडीचा भाव उलट खाली ओढते.

फायनान्सचं थोडक्यात सांगतो. जुन्या पेट्रोल गाडीला कर्ज देताना कंपन्या जेवढ्या सहज होकार देतात तेवढा जुन्या वीजगाडीला मला अजून मिळत नाही. रक्कम कमी देतात, मुदत कमी देतात. त्यांनाही गाडी ओढून आणल्यावर विकायची असते, प्रश्न त्यांचाही तोच आहे.

हायब्रिडचं काय, असं बरेच जण विचारतात. हायब्रिड आपल्याकडे दोन टोकांना आहे. होंडा सिटीची हायब्रिड मे २०२२ मध्ये आली, लिटरला २६.५ चा दावा, किंमत साडेएकोणीस लाख. गाडी चालवायला देखणी, पण पेट्रोल सिटीपेक्षा इतकी महाग की फार थोड्यांनी घेतली. त्याच वर्षअखेरीस टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस आली आणि वरच्या मॉडेलला वेटिंग इतकं वाढलं की एप्रिल २०२३ मध्ये कंपनीला त्याचं बुकिंग थांबवावं लागलं. दोन्हींत बॅटरी आहे, दोन्हींत मोटर आहे. हायक्रॉसमागे इनोव्हा या नावाची टॅक्सीवाल्यांनी कमावलेली पत आहे, आणि जुनी इनोव्हा विकायला निघालेल्या माणसाला मी आजवर कधी ताटकळलेला पाहिला नाही. दुसरा मालक तिथे आधीपासूनच रांगेत होता.

बाकी हायब्रिडला मारलं ते सरकारी करांनी. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा मोठ्या हायब्रिडला सेस (जीएसटीवरचा जादा कर) धरून ४३ टक्के लागला आणि वीजगाडीला १२, जो पुढे ५ झाला. पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीला पेट्रोल पिणाऱ्या गाडीच्या रांगेत बसवलं. कर्नाटकात बिदाडीला बनणारी टोयोटाची कॅमरी हायब्रिड त्या धक्क्याने लाखांनी महाग झाली. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत सेस गेला, मोठ्या गाड्यांना ४० आणि छोट्यांना १८ असे दर आले, तरी वीजगाडीशी अंतर मोठंच आहे. आणि छोट्या गाडीत हायब्रिडला खरी टक्कर सीएनजीची आहे. पेट्रोलपेक्षा नव्वद-पंच्याण्णव हजार जास्त मोजले की कंपनीचीच सीएनजी गाडी मिळते, डिकी गेली तरी चालते, आणि गल्लीतला मेकॅनिक ती खोलू शकतो. नागपुरात हा हिशेब थोडा निराळा आहे, इथे २०२२ मध्ये सीएनजी किलोला १२० रुपयांपर्यंत गेला होता आणि कित्येकांचा तो धडा अजून ताजा आहे. म्हणून वीजगाडीला आमच्या शहरात खरं तर पुण्यापेक्षा जास्त वाव आहे असं मला वाटतं. घरं अजून पुष्कळशी स्वतंत्र प्लॉटवरची आहेत, दारात गाडी, भिंतीवर प्लग, सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगी नको.

फक्त अर्थिंग बघा. जुन्या घरांत तीन पिनांचा प्लग असतो, पण तिसऱ्या पिनेची तार कुठेच गेलेली नसते. चार्जर लाल दिवा दाखवून बसतो आणि लोक गाडीला दोष देतात. चांगला इलेक्ट्रिशियन बोलवा, खड्डा खणून तांब्याची पट्टी, कोळसा-मीठ घालून नीट अर्थिंग करून घ्या, आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतत राहा, आमची काळी माती मे महिन्यात भेगाळते.

उन्हाळ्याची भीतीही पूर्ण खोटी नाही. निसान कंपनीच्या लीफ या वीजगाडीच्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती. २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये, आमच्यासारख्याच रखरखीत हवेत, लीफच्या मालकांच्या डॅशबोर्डवरच्या क्षमतेच्या बारा पट्ट्या एकेक करून विझायला लागल्या. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि कंपनीला क्षमतेचीही वॉरंटी द्यावी लागली. आज आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक चांगल्या वीजगाड्यांत द्रवाने थंड होणारी बॅटरी असते. विकत घेताना हे एक विचाराच.

कंपन्यांना हे सगळं कळू लागलं आहे, याचा पुरावा म्हणजे सप्टेंबर २०२४ मधली एमजी विंडसर. गाडी ९.९९ लाख, बॅटरी वेगळी, किलोमीटरला साडेतीन रुपये भाडं. वर पहिल्या मालकाला बॅटरीची आजीवन वॉरंटी आणि तीन वर्षांनी साठ टक्के किमतीला परत घेण्याची हमी. काही महिन्यांतच ती देशातली सर्वांत जास्त खपणारी वीजगाडी झाली. तिच्यात काही जगावेगळी बॅटरी नव्हती. "पाच वर्षांनी घेणार कोण" याचं उत्तर कंपनीने स्वतः दिलं, "आम्ही", एवढंच. पण त्यातही एक गोष्ट मला खटकते, आणि ती बहुतेक कंपन्यांना लागू आहे. आजीवन वॉरंटी पहिल्या मालकापुरती. गाडी दुसऱ्याच्या नावावर चढली की ती ठरावीक वर्षं आणि किलोमीटरवर येते. ज्याला सगळ्यात जास्त आधार हवा, त्यालाच कमी. बॅटरी गाडीतली आहे, मालकातली नाही. वॉरंटी गाडीलाच लावा, जुन्या गाडीचा भाव आपोआप वर येईल आणि त्या भावाच्या जोरावर तुमची नवी गाडी खपेल.

युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून प्रत्येक वीजगाडीच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट सक्तीचा होतो आहे, त्यात बॅटरीच्या तब्येतीची माहितीही राहणार. आपल्याकडे असं काही रोजच्या व्यवहारात येईपर्यंत आम्ही आमचा कागद सुरू केला आहे. प्रत्येक जुन्या वीजगाडीच्या समोरच्या काचेला आतून लावतो: कोणत्या तारखेला मोजली, किती टक्क्यांवरून किती टक्के भरली, मीटरवर किती युनिट, त्यावरून क्षमता किती, वॉरंटी कधीपर्यंत आणि कोणत्या अटींवर. गिऱ्हाइकाला वाटलं तर त्याने स्वतःचा इलेक्ट्रिशियन आणून पुन्हा मोजावं, रात्रभर गाडी लावून ठेवायला आमची हरकत नसते. कागद लावल्यापासून बोलणी बदलली आहेत. परवा एका मुलाने त्या कागदावर बोट ठेवून भाव वीस हजारांनी उतरवून मागितला. बॅटरी एक्क्याण्णव टक्के आहे, तुम्ही नव्वदच्या पुढचा भाव लावताय, पण टायर पन्नास टक्केच उरले आहेत, असं त्याचं म्हणणं. बारा हजारांवर जमलं आणि त्याने तिथेच टोकन दिलं.